आयर्लंडच्या उद्योगशाळा आणि फादर फ्लॅनॅगन यांचा इशारा

इ. स. १९४६ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील एक विख्यात धर्मगुरु आपल्या जन्मभूमीच्या भेटीस आयर्लंडांत आले. फादर एडवर्ड फ्लॅनॅगन हें त्यांचें नांव. १८८६ सालीं बॅलिमो या खेड्याजवळ एका शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला आणि १९०४ सालीं ते अमेरिकेस गेले. १९१७ मध्यें नेब्रास्का संस्थानांतील ओमाहा शहरीं ९० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनीं निराधार मुलांसाठीं एक घर भाड्यानें घेतलें. त्या लहानशा घराचें पुढें 'बॉईज टाऊन' नामक मुलांचें गांवच बनलें. तेथें कुंपण नव्हतें. मुलें आपल्यांतूनच आपला नगराध्यक्ष निवडीत. १९३८ मध्यें या संस्थेवर एक बोलपट निघाला व फादर फ्लॅनॅगन यांचें नांव जगभर झालें. साहजिकच मायदेशीं त्यांचें स्वागत मोठ्या थाटानें झालें.

परंतु हे पाहुणे केवळ सत्कार घेण्यास आलेले नव्हते. निराधार मुलांस येथें कसें वागविलें जातें, हें त्यांना पाहावयाचें होतें. त्या काळीं आयर्लंडांत अशीं हजारों मुलें 'उद्योगशाळां'त ठेवलेलीं असत. १८६८ च्या कायद्यानें या शाळांचा पाया घातला होता. आई वारली, बाप बेकार झाला, मूल रस्त्यावर भटकतांना सांपडलें किंवा शाळा चुकवूं लागलें, कीं न्यायाधीशाच्या हुकुमानें त्याची रवानगी तेथें होई, आणि मग सोळाव्या वर्षापर्यंत सुटका नसे. शाळा चालवीत कॅथॉलिक धर्मसंघ. खर्च देई सरकार, आणि तोही दर मुलामागें ठराविक रकमेनें. मुलें जितकीं अधिक तितकें उत्पन्न अधिक, असा हा हिशेब होता. डब्लिनजवळील आर्टेन येथील शाळा ८२५ मुलांची होती. पश्चिम किनाऱ्यावरील लेटरफ्रॅकची शाळा डोंगर आणि समुद्र यांच्यामध्यें इतकी एकाकी होती कीं, पळून जाणाऱ्या मुलास जाण्याजोगें ठिकाणच जवळपास नव्हतें.

फादर फ्लॅनॅगन यांच्या कानीं एक हकीकत आली. लिमरिक परगण्यांतील एका उद्योगशाळेंत, पळून गेल्याबद्दल एका मुलास चाबकानें फोडून काढण्यांत आलें होतें. त्याच्या पाठीवरील वळ पाहून एका नगरसेवकानें शिक्षणमंत्र्यांकडे चौकशीची मागणी केली होती; पण जाहीर चौकशी झाली नाहीं. कॉर्क शहरांतील भरगच्च सभेंत फादर फ्लॅनॅगन स्पष्ट बोलले. मुलांना कोंडून ठेवणाऱ्या या संस्था देशाला लांच्छन आहेत, असें त्यांनीं सांगितलें. आणि समोर बसलेल्या श्रोत्यांनाही त्यांनीं दोषांतून वगळलें नाहीं. आपल्याच समाजाचीं मुलें अशा ठिकाणीं जाऊं देणारे लोक तुम्हीच आहांत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

याचा परिणाम काय झाला? न्यायमंत्री जेराल्ड बोलंड यांनीं पार्लमेंटांत उत्तर दिलें कीं, हीं विधानें इतकीं अतिशयोक्त आहेत कीं त्यांची दखल घेण्याचें आपणांस कारण वाटत नाहीं. विषय तेथेंच मिटला. १९४८ च्या मे महिन्यांत, युद्धानें पोरक्या झालेल्या मुलांच्या कामासाठीं बर्लिन येथें गेले असतां, फादर फ्लॅनॅगन यांचें हृदयविकारानें निधन झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. फादर फ्लॅनॅगन यांचा रोख मारहाणीवर व कठोर शिक्षांवर होता. त्याच भिंतींच्या आड मुलांवर लैंगिक अत्याचारही होत होते, हें पूर्णपणें उजेडांत येण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. तथापि या बाबतींत धर्माचा नियम नव्हता, असें मात्र कोणासही म्हणतां येणार नाहीं. स्पेनमधील एल्विरा येथें इ. स. ३०५ च्या सुमारास भरलेल्या धर्मसभेनें, बालकांशीं दुराचार करणाऱ्यास मरणसमयींही पवित्र प्रसाद मिळूं नये, असा निर्बंध घातला होता. म्हणजे नियम सोळाशें वर्षांचा जुना होता. नियम असूनही मुलें निराधार राहिलीं, तीं कां, हाच या इतिहासांतील मुख्य प्रश्न आहे.

त्याचें उत्तर त्या काळच्या कारभारांत सांपडतें. मुलांवरील अत्याचारांची वाच्यता होऊं न देण्याची संवय एकट्या धर्मसंघांनाच होती, असेंही नाहीं. १९३१ मध्यें एका सरकारी समितीनें असे गुन्हे देशांत वाढत असल्याचा अहवाल दिला, तेव्हां सरकारनें तो प्रसिद्धच केला नाहीं. शिक्षणखात्याचे निरीक्षक उद्योगशाळांना भेट देत, अंथरुणें पाहत, जेवण पाहत, नोंदवह्या तपाशीत; पण मुलांशीं ते क्वचितच बोलत. एखादा पगारी नोकर लैंगिक गुन्हा करतांना आढळला, तर त्याची वर्दी सहसा पोलिसांत जाई. तोच गुन्हा धर्मसंघांतील बंधूकडून घडला, तर प्रकरण संघांतल्या संघांत मिटविलें जाई आणि पुष्कळदां त्याची दुसऱ्या शाळेंत बदली होई. त्या दुसऱ्या शाळेंतही मुलेंच असत.

मुलें बोललींच नाहींत, असें नव्हे. पीटर टिरेल नांवाचा एक मुलगा १९२४ ते १९३२ या काळांत लेटरफ्रॅक येथें होता. पुढें तो सैन्यांत गेला, महायुद्धांत जर्मनांच्या हातीं सांपडून कैदेंत राहिला. परंतु शाळेची आठवण त्याला सोडीना. त्यानें धर्मसंघाच्या वरिष्ठांना पत्रें लिहिलीं, आणि सेनेटचे सदस्य ओवेन शीही-स्केफिंग्टन यांच्या प्रोत्साहनानें आपली हकीकत लिहून काढली. ती छापण्यास कोणी मिळालें नाहीं. १९६७ मध्यें लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या मैदानांत त्यानें स्वतःस जाळून घेतलें. जवळ सांपडलेल्या एका अर्धवट जळलेल्या पत्रावरून ओळख पटण्यास सुमारें वर्ष लागलें. त्याचें हस्तलिखित २००६ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. तोंपर्यंत लेटरफ्रॅकची शाळा बंद होऊन बत्तीस वर्षें लोटलीं होतीं.

उद्योगशाळांबाहेरही हीच रीत होती. १९७५ मध्यें ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूविरुद्ध दोन अल्पवयी मुलांनीं तक्रार केली. धर्मप्रांतानें चौकशी केली, मुलांचे जबाब घेतले; पण त्यांच्याकडून याविषयीं कोठें बोलणार नाहीं, अशी शपथ लिहून घेतली. चौकशीच्या या कामांत असलेले तरुण धर्मगुरु शॉन ब्रेडी पुढें कार्डिनलपदास पोहोंचले. पोलिसांना मात्र कोणीं कळविलें नाहीं, आणि स्मिथ पुढें कित्येक वर्षें मुलांना छळीत राहिला. अखेर १९९४ मध्यें बेलफास्ट येथें त्यास शिक्षा झाली. त्याला उत्तरेच्या स्वाधीन करण्याचे कागद डब्लिन येथें कित्येक महिने पडून होते, हें उघड होतांच जो गदारोळ उठला, त्यांत पंतप्रधान आल्बर्ट रेनल्ड्स यांचें सरकार कोसळलें. एकेकाळीं सरकारनें ज्या विषयाची दखल घेण्याचें नाकारलें, त्याच विषयाच्या ओघांत दुसरें सरकार गेलें.

यानंतर बांध फुटला. १९९९ मध्यें मेरी राफ्टरी या पत्रकर्तीनें उद्योगशाळांवर तीन भागांचा माहितीपट दूरचित्रवाणीवर दाखविला. वृद्ध झालेलीं तींच मुलें आपल्या तोंडानें बोलत होतीं. त्याच वर्षीं ११ मे रोजीं पंतप्रधान बर्टी अहर्न यांनीं राष्ट्राच्या वतीनें त्यांची क्षमा मागितली, आणि चौकशी-मंडळ नेमण्यांत आलें. न्यायमूर्ति शॉन रायन यांच्या अध्यक्षतेखालीं या मंडळाचा पांच खंडांचा अहवाल २० मे २००९ रोजीं प्रसिद्ध झाला. मंडळाच्या एका समितीपुढें १,०९० स्त्रीपुरुषांनीं आपल्या बालपणींच्या छळाची साक्ष दिली होती. तींत २१६ संस्थांचा उल्लेख होता. मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार मुरलेला होता आणि शिक्षणखातें धर्मसंघांपुढें नमून वागत होतें, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत डब्लिन धर्मप्रांताविषयींचा दुसरा अहवाल आला. लौकिक, मालमत्ता आणि गुप्तता यांचें रक्षण आधीं व मुलें नंतर, असा क्रम तेथें होता, हें त्यानें दाखवून दिलें. त्या धर्मप्रांतानें १९८७ मध्येंच अशा दाव्यांच्या नुकसानभरपाईसाठीं विमा उतरविला होता. पैशाचा धोका त्यांस कळला होता. मुलांना असलेला धोका तितक्या तत्परतेनें कळला नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जाहीर इशारा देणारे फादर फ्लॅनॅगन हे स्वतः कॅथॉलिक धर्मगुरूच होते. डब्लिनचे आर्चबिशप डायरमिड मार्टिन यांनीं आपल्या दफ्तरांतील हजारों कागद चौकशीच्या हवालीं केले. २००६ मध्यें आयरिश चर्चनें बालरक्षणासाठीं राष्ट्रीय मंडळ स्थापिलें. राज्यानेंही कायदे केले. ११ डिसेंबर २०१७ पासून धर्मगुरु, शिक्षक, डॉक्टर आदींवर बालछळाची माहिती सरकारी यंत्रणेस कळविण्याचें बंधन आलें. रोम येथें २०१९ च्या फेब्रुवारींत पोप फ्रान्सिस यांनीं याच प्रश्नावर जगभरच्या बिशपांच्या प्रमुखांची परिषद भरविली. तिच्या संयोजकांत मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस हेही होते. त्या वर्षाच्या मे महिन्यांत निघालेल्या पोपच्या आज्ञेनें, अशी तक्रार वरिष्ठांकडे नेणें प्रत्येक धर्मगुरूचें व मठवासीयाचें कर्तव्य ठरलें आणि तक्रार करणाऱ्यावर मौनाची सक्ती करतां येणार नाहीं, असें स्पष्ट झालें. १९७५ मध्यें दोन मुलांकडून घेतलेल्या शपथेच्या नेमकी उलट अशी ही आज्ञा होती. भारतांत तर २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानें, असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांत देण्याचें बंधन घातलें आहे. मुंबई-वसईच्या धर्मग्रामांसही तें कोणत्याही शाळेइतकेंच किंवा वसतिगृहाइतकेंच लागू आहे.

आयर्लंडच्या या कहाणींत नियमांची उणीव कधींच नव्हती. निरीक्षक होते, वरिष्ठ होते, मंत्री होते. मुलाचें ऐकून तें भिंतीबाहेर नेण्यास बांधलेला माणूस तेवढा नव्हता. जे कोणी आपण होऊन तें काम करूं गेले, तो लिमरिकचा नगरसेवक असो कीं ओमाहाचा धर्मगुरु असो, त्यांना दाद न मिळतां परतावें लागलें. आर्टेनची शाळा १९६९ मध्यें आणि लेटरफ्रॅकची १९७४ मध्यें बंद झाली. लेटरफ्रॅकच्या शाळेमागें झाडींत एक लहान दफनभूमि आहे. तेथें शाळेंत मृत्यु पावलेलीं मुलें पुरलेलीं आहेत. निरीक्षकांच्या त्या भेटींत यांपैकीं कोणाला कांहीं विचारलें गेलें असतें, तर त्यानें काय सांगितलें असतें, हें आतां कोणासही कळणार नाहीं. जीं मुलें आज कोणाच्या ना कोणाच्या हवालीं आहेत, त्यांना तें वेळींच विचारणें, एवढें मात्र प्रत्येक समाजाच्या हातीं आहे.