अंगणापासून महासागरापर्यंत : भूगोलाच्या पहिल्या धड्याचा मागोवा

भूगोलाचे छापील पुस्तक मराठी मुलाच्या हाती आले ते एकोणिसाव्या शतकात. पण विश्वातला आपला ठावठिकाणा सांगण्याची रीत आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. मुंज झालेला मुलगा पूजेच्या संकल्पात जंबुद्वीपापासून सुरुवात करी, भरतखंडात उतरे, तिथून दंडकारण्यात येई आणि गोदावरीचा कुठला तीर हे सांगून आपल्या पाटावर येऊन थांबे. ज्यांच्या वाट्याला मुंज नव्हती, त्यांच्या कानी मेरू पर्वत, सात द्वीपे आणि क्षीरसागरासह सात समुद्र पुराणिकाच्या तोंडून पडत. याच भूमीत दुसरी एक परंपराही नांदत होती. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात पृथ्वी गोल असल्याचे सांगितले आहे. मग ती सपाट का दिसते, या कुठल्याही मुलाला पडणाऱ्या शंकेचे उत्तरही तिथेच आहे : परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, पृथ्वी अफाट आणि माणूस इवलासा, म्हणून त्याच्या नजरेला ती सपाट दिसते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख आजही आपल्याला सांगतो की पृथ्वीच्या गोलाचा अभ्यास खानदेशात राजाश्रयाने चालत होता. मात्र तो ज्योतिषाच्या विद्यार्थ्यांसाठी होता. सामान्य घरातल्या लेकरापर्यंत तो पोचण्यास आणखी सहा शतके जायची होती.

आता आपण युरोपकडे वळू. न्यूरेंबर्ग शहरात १४९२ साली मार्टिन बेहाइमने पृथ्वीचा एक गोल करवून घेतला. आज टिकून असलेल्या पृथ्वीगोलांत तो सर्वांत जुना. त्यावर अमेरिका नाही, कारण कोलंबस तेव्हा समुद्रावरच होता. असे गोल राजेरजवाड्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दालनात शोभत. मुलांना ते दुरूनच पाहायला मिळत. याच न्यूरेंबर्गमध्ये १६५८ साली यान आमोस कोमेनियसचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक छापले गेले. तीस वर्षांच्या युद्धामुळे मायदेशाला पारखा झालेला हा मोराव्हियाचा धर्मगुरू. आयुष्यभर तो देशोदेशी भटकला. शिक्षणशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथांत त्याने सांगितले की भूगोलाची सुरुवात आईजवळच, घरातच होते : डोंगर म्हणजे काय, दरी म्हणजे काय, शेत, नदी, गाव, शहर म्हणजे काय, हे मूल डोळ्यांनी पाहून शिकते. आज बालवाडीच्या भिंतीवर भूरूपांची चित्रे दिसतात, त्यांचा एक विस्मृत पूर्वज इथे आहे. इथूनच धड्याला दोन वाटा फुटल्या. एक वाट अंगणातून निघून जगाकडे जाणारी, दुसरी जगापासून निघून अंगणाकडे येणारी. पुढच्या साडेतीनशे वर्षांचा हा इतिहास म्हणजे या दोन वाटांची ओढाताण आहे.

अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात या दोन्ही वाटा एकाच वेळी प्रशस्त होताना आपल्याला दिसतात. १७६२ साली रूसोचा ‘एमिल’ प्रसिद्ध झाला. पृथ्वी शिकवायची म्हणून मुलापुढे नकाशे आणि गोल आणून ठेवणाऱ्या शिक्षकांवर रूसो त्यात तुटून पडतो. त्याचा एमिल आपले घर आणि आपली वस्ती यांच्यापासून सुरुवात करतो, स्वतःचा नकाशा स्वतःच काढतो आणि रानात वाट चुकल्यावर दुपारच्या सावलीवरून दिशा ओळखून घरी परततो. इकडे लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या तरुण नकाशा-खोदकाराने १७६६ च्या सुमारास वेगळाच मार्ग धरला. नकाशा लाकडी फळीवर चिकटवायचा, देशांच्या सीमारेषांवरून करवतीने कापायचा आणि तुकडे जुळवायला मुलांना द्यायचे. त्याच्याही आधी फ्रेंच शिक्षिका आणि लेखिका मादाम द बोमाँ लाकडी नकाशांनी शिकवीत होत्या. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांची पालक-शिक्षिका लेडी शार्लट फिंच हिच्याकडे अशा कापीव नकाशांची खास पेटी होती, ती आजही जतन केलेली आहे. स्पिल्सबरी तिशीच्या उंबरठ्यावर, १७६९ साली वारला. त्याचा खेळ मात्र घरोघरी गेला. १८१४ च्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ कादंबरीत युरोपचा नकाशा जुळवता येत नाही म्हणून गरीब फॅनीला तिच्या श्रीमंत मावसबहिणी हसतात. पन्नास वर्षांच्या आत नकाशा जुळवता येणे ही खानदानीपणाची खूण होऊन बसली होती.

अंगणाच्या वाटेला खरा वाटाड्या मिळाला तो स्वित्झर्लंडमध्ये. इव्हेर्दों येथील किल्ल्यात १८०५ ते १८२५ अशी वीस वर्षे योहान हाइनरिश पेस्टालोझीची शाळा चालली. तिथला भूगोलाचा वर्ग किल्ल्याबाहेर भरे. मुलांना जवळच्या ब्युरों ओढ्याच्या दरीत नेत, दरी आधी वरून आणि मग आतून पाहायला लावत, येताना ओढ्याकाठची माती बरोबर आणवत. शाळेत परतल्यावर लांबलचक मेजांवर त्या मातीची दरी घडवली जाई. प्रत्येक फेरीगणिक ती वाढत जाई आणि ती पुरी झाल्यावरच छापील नकाशा मुलांपुढे येई. तोवर नकाशावरची प्रत्येक रेघ त्यांच्या हाताखालून गेलेली असे. १८०७ साली ही शाळा पाहायला आलेल्यांत कार्ल रिटर होता. १८२० साली तो बर्लिन विद्यापीठात भूगोलाचा प्राध्यापक झाला आणि आधुनिक भूगोलशास्त्राच्या संस्थापकांत त्याची गणना होते. पेस्टालोझीला स्वतःला भूगोल फारसा येत नाही हे त्याच्या ध्यानात आले होते. तरी आपल्या विचाराचे श्रेय तो मोकळेपणाने त्यालाच देई. त्याच सुमारास एडिंबरोच्या हायस्कुलात जेम्स पिलन्स हा रेक्टर भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर रंगीत खडूंनी नकाशे काढून भूगोल शिकवीत होता. वर्गातल्या फळ्याच्या पहिल्या पुरस्कर्त्यांत त्याचे नाव घेतले जाते. म्हणजे प्रत्येक शाळेचे चिन्ह बनलेल्या त्या फळ्याच्या जन्मकथेतही भूगोलाचा वाटा आहे.

मात्र ज्या शाळा हजारांनी निघाल्या, त्यांनी वाट धरली ती दुसरी. दरीत नेणारा शिक्षक दुर्मीळ, छापील पुस्तक स्वस्त, आणि यादीची परीक्षा घेणे सर्वांत सोपे. अमेरिकेत जेडिडाया मोर्सचे ‘जिऑग्राफी मेड इझी’ १७८४ साली निघाले. पुढे धर्मप्रश्नोत्तरांच्या धर्तीवर भूगोलाचीही प्रश्नोत्तरे घोकली जाऊ लागली. खंड किती? महासागर किती? द्वीपकल्प कशास म्हणावे? उत्तरांबरोबर लेखकाचे ग्रहही मुलांच्या गळी उतरत. फेव्हेल ली मॉर्टिमर या इंग्रज बाईंनी १८४९ साली युरोपवर आणि १८५२ साली आशियावर मुलांसाठी भूगोलाची पुस्तके लिहिली. इंग्लंडबाहेर त्या जवळजवळ गेलेल्याच नव्हत्या. पण कोणत्या देशाचे लोक आळशी, कुठले घाणेरडे, कुठले अधर्मी, याचे निवाडे त्यांनी बेधडक दिले. दूरचे जग आधी शिकवण्यातला धोका इथे उघडा पडतो. जे मूल पाहू शकत नाही, त्याबाबत सांगणाऱ्यावर विसंबण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

मराठीत या नव्या भूगोलाचा एक आरंभ शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर, कावेरीकाठच्या तंजावरला जावे लागते. दुसरे सरफोजी राजे १७९८ साली गादीवर आले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ हे त्यांचे गुरू. १७९९ च्या तहाने राज्य कंपनीकडे गेले आणि राजांकडे किल्ला व आसपासचा मुलूख तेवढा उरला. आपली सारी हौस त्यांनी मग ग्रंथ, शाळा आणि देवनागरी छापखाना यांवर केली. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. कुरवंजी हा तमिळ मुलखातला नाट्यप्रकार. त्यात डोंगरातून आलेली भविष्य सांगणारी भटकी बाई आपण पाहिलेल्या पर्वतांचे आणि देशांचे वर्णन करते. सरफोजींनी हा संकेत नेमका हेरला. त्यांची कुरवंजी इंद्राणीपुढे उभी राहून खंड, देश, पर्वत, नद्या असा अवघ्या पृथ्वीचा नवा भूगोल गाऊन सांगते. राज्य किल्ल्यापुरते आकसलेल्या राजाने सारी पृथ्वी मराठी पदांत बसवावी, हा इतिहासातला विलक्षण योग होय. दूरच्या जगाचा धडा असूनही तो रंजक ठरला, कारण तो सांगणारी बाई स्वतः पायपीट करणारी होती.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या आश्रयाने १८२० नंतर शाळापुस्तक मंडळी उभी राहिली आणि मराठी पाठ्यपुस्तके शिळाप्रेसवर निघू लागली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी मुलांसाठी व्याकरण, गणित यांच्याबरोबर भूगोलाचेही पुस्तक लिहिले. भोपाळजवळच्या सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन या अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापूंनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुराणांतली, भास्कराचार्यांची आणि कोपर्निकसची पृथ्वी त्यांनी शेजारी शेजारी मांडून पाहिली आणि भास्कराचार्यांच्या गोलाची पायरी करून वाचकाला नव्या विद्येकडे नेले. पाटण्याच्या मठात अभ्यासला गेलेला ग्रंथ अशा रीतीने सहाशे वर्षांनी छापील मराठीत बोलू लागला. पुण्यात १८४८ पासून फुले दांपत्याने चालवलेल्या मुलींच्या शाळांतही भूगोल आणि नकाशे शिकवले जात. उंबरठ्याबाहेर जाण्याची ज्यांना मुभा नव्हती, त्यांच्यापुढे आशिया आणि युरोप उलगडले जात होते. म्हणूनच दूरच्या वाटेला नुसती नावे ठेवून चालत नाही. ज्याच्या अंगणालाच कुंपण आहे, त्याला जगाचा नकाशा ही मुक्तीची पहिली खूण वाटू शकते. आणि भिंतीवरचा तो नकाशाही कुणाच्या तरी पायपिटीतूनच आला होता. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घालणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली मोजणीच्या कामावर असतानाच विदर्भातल्या हिंगणघाटला वारला.

विसाव्या शतकात दोन्ही वाटांना एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न मारिया मॉन्टेसरी यांनी केला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीतला पृथ्वीगोल हाताला कळतो : जमीन खरखरीत, पाणी गुळगुळीत. त्यानंतरच्या गोलावर प्रत्येक खंडाला वेगळा रंग. भूरूपांसाठी जोडीजोडीच्या ताटल्या असतात. एकीत बेट तर दुसरीत तळे, एकीत द्वीपकल्प तर दुसरीत आखात, एकीत संयोगभूमी तर दुसरीत सामुद्रधुनी. मूल स्वतः पाणी ओतते आणि जमीन व पाणी यांनी जागा बदलल्या की एका रूपाचे दुसरे होते, हे त्याला कुणी न सांगता उमगते. १९३९ साली मॉन्टेसरी अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्यांचे विचार त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरात रुजवले होते. ताराबाईंनी पुढे त्यांना खेड्याचे रूप दिले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे काम सुरू केले. तिथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. परदेशी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा आसपासचे दगड, शिंपले, बिया हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. कोमेनियसने पुस्तकात सांगितलेली आणि पेस्टालोझीने ओढ्याकाठी गिरवलेली वाट इथे वारली मुलांच्या पायाखाली आली.

दरम्यान धड्यातली उत्तरेही हलू लागली होती. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे एकमेकांत बसतात, हे नकाशाकार ऑर्टेलियसने १५९६ सालीच टिपले होते. १९१२ साली आल्फ्रेड वेगेनरने खंड सरकतात हे ठामपणे मांडले, पण विद्वानांनी ते मान्य करायला अर्धे शतक घेतले. स्पिल्सबरीने फळीवर केलेला खेळ पृथ्वीने स्वतःच आधी खेळून ठेवला होता म्हणायचा! महासागर किती, याचेही उत्तर पक्के राहिले नाही. नॅशनल जिऑग्राफिक संस्थेने जून २०२१ पासून अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराला आपल्या नकाशांत पाचवा महासागर म्हणून स्थान दिले. आपल्याकडे सात खंड शिकवतात. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक शाळांत दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड मोजतात.

या लांबच्या रस्त्याच्या आजच्या टोकाशी महाराष्ट्रातले तिसरीचे मूल उभे आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांनी त्याला आधी जिल्हा, मग महाराष्ट्र, मग देश आणि खंड असा क्रम घालून दिला. म्हणजे कागदोपत्री तरी अंगणाची वाट जिंकली. पण जवळचे तेवढे पक्के, हा भरवसाही खरा नव्हे. कोसबाडचेच पाहा. ताराबाई तिथे गेल्या तेव्हा ते मुंबई राज्याच्या ठाणे जिल्ह्यात होते. १९६० साली राज्य महाराष्ट्र झाले आणि त्याच जिल्ह्यातले उंबरगाव गुजरातेत गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला आणि कोसबाडच्या मुलाच्या जिल्ह्याचे नावच पालटले. आजोबा, बाप आणि नातू यांनी एकाच टेकडीचे तीन निरनिराळे पत्ते पाठ केले आणि तिघांनाही पूर्ण गुण मिळाले. जिल्हे आणि महासागर यांच्या याद्या पुढेही बदलतील; ते टाळण्यासारखेही नाही. टेकडीचा उतार, त्यावरून पाणी कुठे वाहते आणि कुठल्या खाडीला मिळते, हे ज्याने एकदा स्वतः चालून पाहिले आणि मातीत घडवून पाहिले, त्या मुलाला नवी यादी समजून घ्यायला अर्धा तास पुरेल. यादीच तेवढी ज्याला दिली, त्याचा भूगोल मात्र पुढच्या राजपत्राबरोबर जुना होईल.