'द ब्रेकफास्ट क्लब' : जुन्या चित्रपटाची नवी हजेरी

शाळकरी मुलांवरचे विनोदी चित्रपट म्हणजे चार घटकांची करमणूक, अशी हॉलिवूडमध्ये बराच काळ समजूत होती. जॉन ह्यूज यांच्या 'द ब्रेकफास्ट क्लब'ने १९८५ मध्ये या समजुतीला धक्का दिला. पुढे व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि ब्लू-रे अशा प्रत्येक नव्या माध्यमातून हा चित्रपट घराघरांत पोहोचत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील 'क्रायटेरियन कलेक्शन' या संस्थेने त्याची नवी आवृत्ती बाजारात आणली. त्यानंतर तीनच महिन्यांनी चित्रपटाच्या नायिकेने त्याच्याविषयी काही अवघड प्रश्न जाहीरपणे उपस्थित केले. त्यामुळे ही आवृत्ती केवळ संग्राहकांच्या कपाटापुरती मर्यादित राहिली नाही.

एक शनिवार, पाच मुले

चित्रपटाचे कथानक अगदी लहान आहे. इलिनॉय राज्यातील शर्मर या काल्पनिक गावात पाच विद्यार्थ्यांना शिक्षा म्हणून शनिवारी दिवसभर शाळेच्या ग्रंथालयात बसवले जाते. 'मी कोण आहे' या विषयावर हजार शब्दांचा निबंध लिहिण्याचे फर्मान त्यांना सुटते. त्यांत एक कुस्तीगीर, एक अभ्यासू मुलगा, एक श्रीमंत घरची लाडकी लेक, एक अबोल, विक्षिप्त मुलगी आणि एक उनाड पोरगा आहे. एमिलिओ एस्तेवेझ, अँथनी मायकेल हॉल, मॉली रिंगवाल्ड, अॅली शीडी आणि जड नेल्सन यांनी या भूमिका केल्या. सकाळी परस्परांची टिंगल करणारी ही मुले संध्याकाळपर्यंत एकमेकांची दुःखे जाणून घेतात.

चित्रीकरण १९८४ च्या वसंत ऋतूत शिकागोजवळील डेस प्लेन्स येथे, १९८१ मध्ये बंद पडलेल्या मेन नॉर्थ हायस्कूलच्या इमारतीत झाले. तेथील ग्रंथालय लहान पडल्याने व्यायामशाळेत ग्रंथालयाचा सेट उभारण्यात आला. निर्मितीखर्च सुमारे दहा लाख डॉलर होता आणि एकट्या अमेरिकेत चित्रपटाने साडेचार कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. 'सिंपल माइंड्स' या स्कॉटिश बँडने गायलेले त्याचे शीर्षकगीत मे १९८५ मध्ये अमेरिकी यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश केला. सांस्कृतिक, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्व असलेल्या चित्रपटांनाच या नोंदवहीत स्थान मिळते.

कात्रीतून सुटलेला ऐवज

दिग्दर्शकाची पहिली जुळणी सुमारे अडीच तासांची होती. संकलक डीडी अॅलन यांच्या हाताखालून बाहेर पडलेला चित्रपट ९७ मिनिटांचा झाला. गाळलेल्या दृश्यांविषयी चाहत्यांत कुतूहल होते. क्रायटेरियनच्या आवृत्तीत अशी सुमारे ५० मिनिटांची दृश्ये प्रथमच पाहायला मिळाली. मूळ चित्रपट मात्र जसाच्या तसा ठेवण्यात आला. त्याचे चित्र 'फोर-के' दर्जाने डिजिटल पद्धतीने नव्याने तयार करण्यात आले आणि मूळचा एकमार्गी ध्वनीही राखण्यात आला.

पूरक साहित्यही भरगच्च आहे. २००८ च्या डीव्हीडीसाठी हॉल आणि नेल्सन यांनी केलेले समालोचन, रिंगवाल्ड आणि शीडी यांच्या नव्या मुलाखती आणि १९८५ मधील एका परिसंवादातील ह्यूज यांचे बोलणे त्यात आहे. ह्यूज यांच्या निर्मितीकाळातील टिपणे नेल्सन यांच्या आवाजात ऐकायला मिळतात. ह्यूज यांचे ऑगस्ट २००९ मध्ये निधन झाले. त्यामुळे या टिपणांचे मोल अधिक आहे. चित्रपटासोबत समालोचन देण्याची प्रथा क्रायटेरियननेच १९८४ मध्ये 'किंग काँग'च्या लेझर डिस्कपासून रूढ केली होती.

भारतीय ग्राहकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिस्कवर विभागाचे कुलूप असते. अमेरिकेतील ब्लू-रे 'ए' विभागात, तर भारत 'सी' विभागात मोडतो. डीव्हीडीच्या बाबतीत हेच विभाग अनुक्रमे १ आणि ५ आहेत. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारे यंत्र नसेल, तर परदेशातून मागवलेली तबकडी घरी चालेलच असे नाही.

नायिकेचे प्रश्न

या आवृत्तीसाठी मुलाखत देताना रिंगवाल्ड यांना हा चित्रपट पुन्हा आठवावा लागला. त्याआधी त्यांनी तो आपल्या दहा वर्षांच्या मुलीसोबत पाहिला होता. एप्रिल २०१८ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये त्यांनी दीर्घ लेख लिहिला. लैंगिक छळाविरुद्धच्या 'मी टू' चळवळीचा तो काळ होता. नेल्सन यांनी रंगवलेला उनाड बेंडर हा क्लेअरला संपूर्ण चित्रपटभर छळतो आणि अखेरीस तीच त्याच्याकडे ओढली जाते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. टेबलाखालच्या दृश्यासाठी सज्ञान बदली कलाकार वापरावी लागली होती, कारण रिंगवाल्ड तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने आक्षेप नोंदवूनही ते दृश्य राहिले. एका शिक्षिकेला चोरून न्याहाळण्याचे पटकथेतील दृश्य मात्र रिंगवाल्ड यांच्या आग्रहावरून ह्यूज यांनी काढून टाकले होते.

असे असूनही त्यांनी चित्रपट नाकारला नाही. मुलांच्या भावनांना मोल असते, हे ह्यूज यांनी त्या काळी पडद्यावर ठामपणे मांडले, याचे श्रेय त्यांनी दिले. चित्रपटावर प्रेम आणि त्याविषयी अस्वस्थता या दोन्ही भावना त्यांच्या लेखात शेजारी-शेजारी नांदतात.

घरगुती आवृत्तीचे खरे महत्त्व येथेच दिसते. खटकणारा भाग कापून टाकला असता, तर चर्चेचा आधारच नाहीसा झाला असता. नुसते कौतुक केले असते, तर डिस्क स्मरणिकेसारखी कपाटात पडून राहिली असती. मूळ चित्रपट, गाळलेली दृश्ये, दिग्दर्शकाची टिपणे आणि कलाकारांचे पुनर्विचार एकत्र मिळाले, की प्रेक्षकाला स्वतः निवाडा करता येतो. चाळिशी ओलांडलेले आई-वडील आज आपल्या मुलांना हा चित्रपट दाखवतील, तेव्हा त्यांनी मुलांच्या प्रश्नांचीही तयारी ठेवावी. पाच अनोळखी मुलांना बोलते करणारा हा चित्रपट आता दोन पिढ्यांनाही बोलते करू शकतो.