कमी दिवसांचे बाळ तोंडाने दूध प्यायला कसे शिकते?

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ म्हणजे कमी दिवसांचे बाळ. असे बाळ छातीशी धरले तरी नीट ओढत नाही, दोन घोटांतच झोपी जाते. आईला वाटते, आपल्यालाच दूध नाही. खरे तर चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला अजून जमलेला नसतो. अशा वेळी घाईने पाजले तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकते.

दूध देण्याच्या पायऱ्या

आठवडे मोजताना पोटातले आणि जन्मानंतरचे एकत्र धरतात. ३० व्या आठवड्यात जन्मलेले बाळ तीन आठवड्यांनी ३३ आठवड्यांचे होते.

- २८ आठवड्यांपूर्वी: मुख्यतः शिरेतून पोषण, सोबत नळीने थेंब-थेंब दूध.
- २८ ते ३१: नळीने आईचे दूध.
- ३२ ते ३४: वाटी-चमचा किंवा बोंडले.
- ३४ नंतर: बहुतेक बाळे अंगावर पिऊ लागतात.

हे आकडे ढोबळ आहेत. पुढची पायरी बाळाची तब्येत पाहून डॉक्टर ठरवतात.

आपल्याकडचे जुने बोंडले इथे खरोखर उपयोगी पडते. बाळाला थोडे उभे धरून दूध ओठांच्या कडेला सोडावे, गिळल्यावरच पुढचा घोट द्यावा. बोंडले दर वेळी धुऊन उकळावे. बाटली टाळावी.

आईने काय करावे?

बाळ नळीवर असतानाही दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढावे. नाहीतर दूध आटते. बाळाला उघड्या छातीशी धरावे (कांगारू मदर केअर). डॉक्टरांनी सांगितल्यावर, दूध काढून झालेल्या स्तनाला बाळ लावावे; त्याला चोखण्याचा सराव होतो. आईचे दूध पुरत नसेल तर दुग्धपेढीचे दूध हा पर्याय असतो. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

मध, गुटी, साखरपाणी देऊ नये.

दवाखान्यात कधी न्यावे?

पिताना बाळ निळे पडले, श्वास थांबला, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, अंग गार पडले किंवा पीत असलेले बाळ पिईना, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. नेताना बाळ छातीशीच ठेवावे. जालना शहरात गांधी चमन येथे जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत.