पात्रांची वस्त्रे

मराठीत वस्त्र अंगावर घेण्याच्या क्रियेला एकच एक असे क्रियापद नाही. लुगडे व धोतर नेसावयाचे, अंगरखा घालावयाचा, पागोटे बांधावयाचे, शाल पांघरावयाची, उपरणे खांद्यावर टाकावयाचे. नोकरीनिमित्त हिंदी प्रदेशात येऊन राहिलेल्या आम्हां मंडळींच्या घरांतून ही वाटणी हळूहळू पुसली जाते. दुर्ग व रायपूर यांच्यामध्ये, खारून नदीच्या अलीकडे वसलेल्या ह्या कुम्हारी गावात वाढणारी आमची मुले ‘आईने साडी घातली’ असे बिनदिक्कत म्हणतात, आणि त्यांना दुरुस्त करावयास जावे तर ‘अर्थ समजला ना?’ असे उलट विचारतात. अर्थ समजतो, हे खरे. परंतु ह्याच मुलांच्या हाती उद्या हरिभाऊ आपट्यांची कादंबरी किंवा गडकऱ्यांचे नाटक पडले, तर त्यांतील माणसे त्यांना पुरती ओळखता येतील काय, ही शंका आम्हांस बरेच दिवस छळीत आहे. कारण मराठी लेखकांनी आपल्या पात्रांचा पुष्कळसा स्वभाव त्यांच्या वस्त्रांत ठेवून दिलेला आहे.

आरंभी मात्र असे नव्हते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पुढील कित्येक वर्षे पौराणिक नाटकांतील वेष पात्राची जात सांगत असे, स्वभाव सांगत नसे. जटा व वल्कले दिसली की ऋषी, मुकुट दिसला की राजा, आणि तोंड रंगवून, तलवार परजीत आरडाओरडा करीत आला की राक्षस. एक राक्षस दुसऱ्याहून निराळा असण्याचे कारणच नव्हते. लोकव्यवहारातही पुष्कळसे असेच होते. पागोटे कोणत्या घाटाचे आहे यावरून जाणता माणूस ते बांधणाऱ्याची जात, गाव व पेशा ओळखू शके. तो कंजूष की उदार, हे काही पागोट्यावरून कळत नसे. ते सांगावयास लेखक लागतो.

देवलांच्या रूपाने रंगभूमीस असा लेखक मिळाला. ‘शारदा’चा पहिला प्रयोग १८९९ साली इंदुरास झाला, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी थोड्या अभिमानाने ध्यानात ठेवावी. त्यातील भुजंगनाथाचा नवरदेवाचा वेष पाहावा. त्या वेषात स्वतः चुकीचे असे काही नाही. बोहल्यावर चढणाऱ्या कोणाही पुरुषास तो शोभेल. पण पंचाहत्तरीच्या देहावर तो चढला की प्रेक्षक हसतो, आणि हसता हसताच त्या पोरीसाठी त्याच्या पोटात कालवते. वेष आणि देह यांच्या विसंगतीतून माणूस उघडा पडतो, हे येथे प्रथमच इतक्या ठसठशीतपणे दिसले.

कादंबरीने हे काम ह्याच्याही आधी, आणि अधिक हळुवारपणे, सुरू केले होते. १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची नायिका यमू आपली कथा आपणच सांगते. नवरा रघुनाथराव गेल्यावर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. आजच्या तरुण वाचकास येथे केस गेल्याचे दुःख तेवढे दिसते. त्या काळच्या वाचकापुढे मात्र कोणी न सांगता आलवण उभे राही: तांबड्या रंगाचे साधे लुगडे, बोडक्या डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, अंगात चोळी नाही. मनुष्याच्या पसंतीवरून त्याचा स्वभाव कळतो म्हणतात. यमूला तिची पसंती कोणी विचारलीच नाही, आणि तिची सगळी कथा ह्या न विचारण्याची आहे. ती प्रथा गेली हे फार चांगले झाले. परंतु तिच्याबरोबर आलवण हा शब्दही गेला तर कादंबरीतले निम्मे दुःख वाचकापर्यंत पोचणार नाही.

खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चे (१९११) तर कथानकच वस्त्रांवर उभे आहे. श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला झिडकारणारी भामिनी पुढे साध्या वेषात, ‘वनमाला’ हे नाव घेऊन, त्याच्यापुढे येते. नाटककाराने योजलेला अर्थ उघड आहे. अडचण एवढीच, की भामिनीचे काम बालगंधर्व करीत. त्यांचे शालू, त्यांच्या पैठण्या, त्यांची नेसण्याची तऱ्हा घरोघरच्या स्त्रिया उचलीत असत. अशा वेळी प्रेक्षक भामिनीचे वस्त्र पाहत होता की बालगंधर्वांचे, असा प्रश्न आमच्यासारख्या नीरस माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

म्हणूनच ‘एकच प्याला’तील सिंधूला आम्ही वेगळे स्थान देतो. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ह्या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यास केला. (तेही महाराष्ट्राबाहेरच!) ज्या नटास भरजरी वस्त्रांत पाहण्याची लोकांस सवय जडली होती, तो ठिगळांचे लुगडे नेसून त्यांच्यासमोर आला. सुधाकर वकिलीतून उठला, प्याल्याच्या अधीन झाला, घरातले एकेक किडूकमिडूक गेले. तरी सिंधू नवऱ्याविरुद्ध शब्द काढीत नाही. जे ती बोलत नाही ते तिच्या लुगड्याची ठिगळे सांगतात, असे सामान्यतः म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु आम्हांस वाटते की त्या ठिगळांत आणखीही काही आहे. फाटके लुगडे आणि ठिगळ लावलेले लुगडे ह्या दोन वस्तू निराळ्या आहेत. फाटक्या लुगड्यात गरिबी दिसते. ठिगळात त्या गरिबीपुढे हार न मानणारा हात दिसतो. दिवसभर लोकांचे दळण दळून झाल्यावर कोणी तरी दिव्यापाशी सुईदोरा घेऊन बसले होते, आणि उद्या चार माणसांत आपल्या घराची अब्रू जाऊ नये म्हणून जपून टाके घालीत होते, हे त्यात येते. सिंधूचा मानीपणा आणि तिची पतिनिष्ठा, दोन्ही त्या टाक्यांत आहेत.

इकडील एका हौशी प्रयोगात आम्ही सिंधू पाहिली. तिच्या अंगावर दुकानातून नुकतेच आणलेले फिकट रंगाचे लुगडे होते आणि गरिबी दिसावी म्हणून ते तीनचार ठिकाणी कात्रीने कापले होते. काम करणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता, भाषणही स्वच्छ होते. पण ती सिंधू नव्हती. सिंधूने ती भोके पहिल्याच रात्री शिवून टाकली असती.

‘एकच प्याला’नंतर वर्षभराने, १९२० साली, त्याच मंडळीने खाडिलकरांची ‘द्रौपदी’ रंगभूमीवर आणली. तिच्या थाटामाटाची व तीवर झालेल्या खर्चाची चर्चा नाट्यरसिकांत अजून चालते. ह्या द्रौपदीची आठवण झाली की आम्हांस आमच्या शेजारची दुसरी एक द्रौपदी आठवते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई ह्या पंडवानी गायिका. उभ्याने महाभारत सांगण्याची कापालिक शैली पूर्वी पुरुषांची समजली जाई. ती त्यांनी आपलीशी केली, भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीही केली, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या आख्यानात अंगावरचे छत्तीसगढी लुगडे व दागिने आरंभापासून शेवटपर्यंत तेच असतात. हातातला तंबुरा खांद्यावर गेला की भीमाची गदा होतो, आडवा धरला की धनुष्य होतो. वस्त्रहरणाचा प्रसंगसुद्धा त्या एका लुगड्यावर निभावतो, आणि समोरच्या बायाबापड्यांच्या डोळ्यांस पाणी येते.

मग वस्त्रांचा एवढा बडिवार कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की द्रौपदी प्रेक्षकाच्या घरात त्याच्या जन्माआधीपासून नांदत आहे. तिची ओळख करून द्यावयाची नसते, म्हणून ती कोणत्याही वेषात येऊ शकते. सिंधूला, यमूला किंवा भुजंगनाथाला लेखकाच्या मागे कोणाचा आधार नाही. पडदा उघडण्यापूर्वी त्यांना कोणी पाहिलेले नसते; आपले सर्व सामान, कपड्यांसकट, त्यांना बरोबर आणावे लागते. पु. ल. देशपांड्यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’त (१९६२) चितळे मास्तरांच्या झिजलेल्या वहाणा दाखविल्या आणि एका शिक्षकाची सारी वणवण वाचकाला समजली. त्या वहाणा कोऱ्या असत्या तर तेच सांगण्यास दोन पाने लागली असती.

वस्त्राहूनही अधिक बोलते ते वस्त्राशी चाललेले माणसाचे वर्तन, आणि येथे मराठी लेखकास भाषेनेच मोठे भांडवल दिले आहे. एखादी बाई पदर खोचते तेव्हा ती कामास किंवा भांडणास सिद्ध होते; पदर पसरते तेव्हा तिने मान बाजूला ठेवलेला असतो; पदराशी चाळा करू लागली तर तिच्या मनात बोलावयाचे काही आहे. धोतराचा सोगा दोन बोटांत उचलून चिखल टाळीत जाणारा गृहस्थ आणि तोच सोगा कमरेला गुंडाळून सरळ पाण्यात उतरणारा गृहस्थ, यांची वर्णने आणखी करावी लागत नाहीत. साडी व पाटलोण ‘घालणाऱ्या’ पिढीस हे वाक्प्रचार तोंडपाठ असतील, पण त्यांमागची हालचाल तिने पाहिलेली नसेल.

सुदैवाने आम्ही अगदीच परमुलखात येऊन पडलो नाही. रतनपुरास १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांचा अंमल होता, आणि नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा होईपर्यंत हा सारा मुलूख भोसल्यांच्या सत्तेखाली होता. इकडच्या बाया आपल्या वस्त्रास लुगरा म्हणतात आणि चोळीस पोलखा. आमच्या आजीचे लुगडे आणि पोलके त्यांहून काही दूरचे नव्हे. पदराला अँचरा म्हणतात. तेव्हा मुलांनी ‘पदर खोचणे म्हणजे काय’ असे विचारले की आम्ही आता कोश काढीत नाही. आषाढात, रोवणीच्या दिवसांत, त्यांना गावाबाहेरच्या धानाच्या बांधावर घेऊन जातो. बाया बांधावर उभ्या राहून लुगरा गुडघ्यापर्यंत वर घेतात, अँचरा कमरेला घट्ट खोचतात आणि रोपांची जुडी हातात घेऊन चिखलात उतरतात. गेल्या वर्षी धाकटीने ते बराच वेळ पाहिले आणि घरी आल्यावर आईला विचारले, ‘तू लुगडे कधी नेसतेस?’