शनिमाहात्म्याचे माहेर

सुरतेहून तापी-खोऱ्याच्या लोहमार्गाने निघालेला प्रवासी बारडोली, व्यारा, नवापूर करीत नंदुरबारास पोचतो, तेव्हा गुजराती कोठे मावळली आणि मराठी कोठे सुरू झाली, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. बारडोली म्हटले की १९२८ चा शेतसाऱ्याचा लढा आठवतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्या उत्तरेने वाहणारी तापी आठवते. पुराणे तिला सूर्यकन्या म्हणतात. म्हणजे नात्याने ती शनीची बहीण.

आपल्याकडे शनिवारी वाचली जाणारी ‘शनिमाहात्म्य’ ही पोथी तात्याजी महिपतींच्या नावावर आहे. ही कथा मुळात गुर्जर भाषेतली, असे पोथीच सांगते. नित्य वाचणाऱ्यांच्याही दृष्टीतून ही कबुली सहज निसटते.

ग्रहपूजेचे शास्त्र याहून पुष्कळ जुने. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात ग्रहशांतीचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या ग्रहाची मूर्ती कशाची, समिधा कोणती, हे सारे तेथे नेमून दिले आहे : सूर्याला तांबे आणि रुई, शनीला लोखंड आणि शमी. शनी तेथे नवांतला एक. अधिक मान त्याला नाही. राजांचे उत्कर्ष आणि पतन ग्रहांच्या अधीन असते, असेही ती स्मृती बजावते.

पोथीत हे कोरडे विधान हाडामांसाचे होते. सभेत पंडित ग्रहांचे श्रेष्ठत्व सांगत असता विक्रम शनीला हसतो. मग साडेसाती येते, राज्य सुटते. परक्या नगरात चित्रातला हंस मोत्यांचा हार गिळतो आणि चोरीचा आळ राजावर येतो. हातपाय तोडले गेलेला उज्जयिनीचा सार्वभौम तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकतो. शनीला तेल वाहण्याची चाल आणि हा घाणा यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. अखेर शनी प्रसन्न होतो, तेव्हा राजा मागतो ते हे, की मला गांजलेस तसे दुसऱ्या कोणास गांजू नकोस. स्मृतीतल्या ग्रहयज्ञाचा यजमान श्री, वृष्टी, आयुष्य मागतो, ते स्वतःसाठी. राजाची मागणी निराळी आहे, आणि माझ्या मते पोथीचे सारे बळ तिच्यात आहे.

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली. डांग कोणाचे, उंबरगाव कोणाचे, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. या पोथीची वाटणी मात्र कोणी मागितली नाही. पुढे खानदेशातले मजूर ऊसतोडीसाठी बारडोलीकडे जाऊ लागले. त्याच वाटेने, उलट दिशेने, ही कथा कधीतरी आपल्याकडे चालत आली असावी.