खंजिरी आणि ग्रामदान

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल हे गाव लागते. १९५७ च्या सप्टेंबर महिन्यात, २१ आणि २२ ह्या दोन दिवशी, येथे विनोबांच्या सान्निध्यात ग्रामदान परिषद भरली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू, जयप्रकाश नारायण आणि केरळचे साम्यवादी मुख्यमंत्री नंबुद्रीपाद एका बैठकीत बसले. ग्रामदानाच्या चळवळीला सर्वांनी साहाय्य करावे, अशा आशयाचे निवेदन तेथून निघाले. राजकारणात ज्यांची तोंडे दोन दिशांना, त्यांची जमिनीच्या प्रश्नावर एकवाक्यता व्हावी, हे अपूर्वच. परंतु निवेदन वाचून आपल्या बांधावरचा हक्क सोडणारा शेतकरी विरळा! त्याच्या चावडीवर हा विचार न्यायचा, तर निराळी वाणी हवी होती. विदर्भात अशी वाणी येलवालच्या कितीतरी आधीपासून गर्जत होती. ती तुकडोजी महाराजांची.

माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचे मूळ नाव. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांचा अनुग्रह लाभला आणि माणिकचा ‘तुकड्या’ झाला. पुढे आयुष्यभर प्रत्येक पदाच्या शेवटी त्यांनी हेच नाव घातले. रामटेक, सालबर्डी येथील रानांत वणवण करून परतलेला हा तरुण हातात खंजिरी घेऊन गावोगाव उभा राहू लागला.

ह्या गायनात शास्त्रोक्त असे काही नव्हते. बुवांचा थाट नव्हता, पेटीवाल्याची मिनतवारी नव्हती. खंजिरी वाजवणारा, पद रचणारा आणि गाणारा एकच. मागे कोणी संस्थानिक अथवा नाटक मंडळी नाही. चाली लोकांच्या तोंडच्या आणि शब्द वऱ्हाडी माणसाला घरचे वाटावेत असे. हिंदीही त्यांनी तितक्याच सहजतेने वापरली. विषय मात्र भजनाला न शोभणारे, असे कर्मठांना वाटावे. गावातील घाण, दारू, हुंडा, अंगात येणारी दैवते आणि अस्पृश्यतेचा कलंक ह्या साऱ्यांवर ते देवाचे नाव घेता घेताच तुटून पडत. त्यांची काही पदे रचनेच्या दृष्टीने कच्ची आहेत, हे मान्य करावे लागेल. परंतु ती कागदावर वाचण्यासाठी केलेलीच नव्हती. हजारोंच्या मेळ्यात, त्या थापेवर, त्यांना जे बळ येई ते काव्यपरीक्षेच्या कक्षेबाहेरचे होते.

१९३५ मध्ये मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापिला. पुढील वर्षी सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात ते काही दिवस राहिले. गायकाच्या शब्दाला किती किंमत द्यावी लागते, हे १९४२ साली दिसून आले. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. गोळीबारात बालाजी रायपूरकर ह्यांच्यासारखे तरुण पडले, संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर लष्कर गावात शिरले. स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भणसाळींना ६३ दिवस उपोषण करावे लागले. चिमूरच्या भागात महाराजांची भजने पूर्वीपासून दुमदुमत होती. गाण्याने माणसे पेटली की परकीय राज्याच्या जाचाने, हा वाद इतिहासकारांनी घालावा. सरकारने तो ताबडतोब निकालात काढला. २८ ऑगस्टला महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत काढून डिसेंबरच्या आरंभी ते सुटले. पदांतील हिंसेचे समर्थन नसलेला भाग सरकारला दिसला नाही. आणि पदे ऐकून पेटलेल्या काहींनाही तो दिसला नसावा. लोकगायकापुढचा हा पेच फार जुना आहे. शब्द एकदा समूहाच्या मुखी गेला, की तो रचणाऱ्याचा राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले आणि निराळीच परीक्षा आली. तुरुंगाऐवजी सत्कार वाट्याला येऊ लागले. राजेंद्रबाबूंनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटले, १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेला ते गेले, आणि पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या भारत साधु समाजाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. सत्तेच्या इतक्या जवळ गेलेल्या गायकाची धार बोथट होते, असा अनुभव आहे. महाराजांच्या उत्तरायुष्यातील काही प्रचारपर पदांविषयी तसे म्हणताही येईल. परंतु त्याच काळात त्यांची ‘ग्रामगीता’ पूर्ण झाली, हे विसरता येत नाही. ४१ अध्यायांच्या ह्या ओवीबद्ध ग्रंथात मोक्षाइतकीच आस्था गावाच्या आरोग्याविषयी, श्रमाविषयी आणि स्त्रियांच्या उन्नतीविषयी आहे. ‘भजन-प्रभाव’ नावाचा एक स्वतंत्र अध्यायही त्यात आहे. आपल्या हत्याराची पारख त्या गायकाला पुरेपूर होती.

विनोबांच्या भूदानकार्यात ते उतरले ते ह्याच हत्यारानिशी. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीला विनोबांना पहिले दान मिळाले, तेव्हा जमीन मागणे ही गोष्ट नवीन होती. विनोबा समजावून सांगत, उपनिषदांचा आधार देत. तुकडोजी महाराज खंजिरीवर थाप मारून, समोर बसलेल्या मालगुजारालाही सर्वांदेखत खडे बोल ऐकवीत. दोघेही मागणारेच, पण एकाच्या मागण्यात विनवणी होती, दुसऱ्याच्या मागण्यात किंचित दटावणी. येलवालच्या निवेदनाने चळवळीला प्रतिष्ठा दिली खरी. तरी पुढे अनेक ठिकाणी ग्रामदान संकल्पपत्रावरच राहिले आणि सातबारा होता तसाच राहिला.

चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांच्या वेळी महाराज सैनिकांसमोर गायले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यांचे देहावसान झाले. प्राथमिक शाळेतच शिक्षण संपलेल्या ह्या गायकाचे नाव २००५ साली नागपूर विद्यापीठाला देण्यात आले. मोझरीला त्यांच्या पुण्यतिथीस दरवर्षी खेड्यापाड्यांतून माणसे येतात. त्यांतील पुष्कळांच्या हातांत खंजिरी असते.