प्राध्यापकांची शाळा

भारतात कॉलेजातल्या प्राध्यापकाला कसे शिकवावे हे शिकवण्याची रीतसर सोय १९८७-८८ मध्ये सुरू झाली. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. म्हणजे मधली एकशेतीस वर्षे, ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, एवढ्याच भरवशावर कॉलेजे चालली. शाळामास्तरांच्या बाबतीत सरकारला हा भरवसा वाटला नाही. प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेजे एकोणिसाव्या शतकातच निघाली होती आणि माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज उघडले. आजही शाळेत नोकरी हवी तर डी.एड. किंवा बी.एड. लागते. कॉलेजसाठी एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि त्यावर नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. नेटची पहिली परीक्षा डिसेंबर १९८९ मध्ये झाली. तिच्या आजच्या पहिल्या पेपरात अध्यापन-अभिक्षमतेवर प्रश्न असतात. पण तेही पर्यायातून उत्तर निवडायचे. वर्गात उभे राहून दाखवावे लागत नाही.

उमेदवारीची एक पद्धत मात्र सुरुवातीला होती. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी पुढे त्या निधीतून १८२१ साली पुण्यात पाठशाळा काढली. तिचेच रूपांतर होत होत डेक्कन कॉलेज झाले. याच दक्षिणेतून नंतर हुशार तरुणांना ‘दक्षिणा फेलो’ म्हणून नेमू लागले. फेलोने स्वतःचा अभ्यास चालू ठेवायचा आणि खालच्या वर्गांना शिकवायचे. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही अशा फेलोशिपवर होते. शिकवता शिकवता शिकण्याची ही पद्धत वाईट नव्हती, पण ती मोजक्या कॉलेजांतल्या मोजक्या मुलांपुरतीच राहिली.

याहून जास्त कशाची गरज तेव्हा कुणाला वाटली नाही, आणि त्याला कारण होते. मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर उभारलेले, परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. शिकवायचे कॉलेजांनी, तपासायचे विद्यापीठाने. वर्गात येणारी मुले थोडी, बहुतेक वरच्या जातींतली, घरात लिहिण्यावाचण्याची परंपरा असलेली. प्राध्यापक पुस्तकातून वाचून दाखवत, मुले नोट्स घेत आणि मार्च-एप्रिलमध्ये त्या पाठ करत. न कळलेले घरी समजावून सांगणारा काका किंवा थोरला भाऊ असे. शिकवण्यातल्या उणिवा अशा रीतीने घरच भरून काढत होते. म्हणून त्या कॉलेजला कधी दिसल्या नाहीत.

स्वातंत्र्याच्या सुमारास ही घडी मोडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आले आणि तालुक्याच्या गावीही कॉलेजे उभी राहू लागली. शेतकऱ्याची, शेतमजुराची, दलित वस्तीतली मुले आता एफ.वाय.च्या वर्गात बसली होती. घरात शिकलेले कुणी नाही, शाळेत सगळे मराठीत झालेले आणि समोर एकदम इंग्रजीतले अर्थशास्त्र किंवा भौतिकशास्त्र. प्राध्यापकही बहुतेक तरुण होते. त्यांतले पुष्कळ अशाच घरांतून आलेले. पण वर्गावर जाताना त्यांच्याजवळ एकच नमुना होता, तो म्हणजे आपल्याला ज्यांनी शिकवले त्यांचा. तेही नोट्स देऊ लागले. बाजारात गाइडे आली आणि पुष्कळ विषयांत प्राध्यापकाचे काम गाइड करू लागले.

दिल्लीत या प्रश्नाकडे पहिल्यांदा पाहिले गेले ते विज्ञानाच्या निमित्ताने. १९६३ पासून अमेरिकी मदतीने उन्हाळी शिबिरे भरू लागली. आधी शाळाशिक्षकांसाठी असलेली ही शिबिरे लवकरच कॉलेजशिक्षकांसाठीही घेतली जाऊ लागली. त्यांत भर होता विषयाचे नवे ज्ञान देण्यावर. पुढे १९७० च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने विज्ञान-महाविद्यालयांसाठी ‘कोसिप’ आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी ‘कोहसिप’ या योजना आणल्या. प्रयोगशाळा सुधारल्या, ग्रंथालये वाढली.

कसे शिकवायचे या प्रश्नावर नेमके बोट ठेवले होते ते कोठारी आयोगाने. १९६६ च्या त्याच्या अहवालात नव्या अधिव्याख्यात्याला सुरुवातीला जुळवून घ्यायला थोडा अवधी द्यावा, चांगल्या ज्येष्ठ शिक्षकांची व्याख्याने ऐकू द्यावीत, त्याच्यासाठी उद्बोधन वर्ग भरवावेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमचे ‘स्टाफ कॉलेज’ असावे, अशा शिफारशी आहेत. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. शिक्षण खेड्यात पोचवायचे म्हणजे काय, हे त्यांना कागदावरून शिकावे लागले नव्हते. शिफारस स्पष्ट होती, फार खर्चाचीही नव्हती, तरी ती वीस वर्षे पडून राहिली.

दरम्यान बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्रगत केंद्र अध्यापनाचा बारकाईने अभ्यास करत होते. तिथे आणि इतरत्र नेड फ्लँडर्सची वर्गनिरीक्षण-पद्धत रुजली. निरीक्षकाने मागच्या बाकावर बसायचे आणि दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे त्याचा आकडा लिहायचा. एकूण आकडे दहा. पहिले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, आठ आणि नऊ विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे, दहा म्हणजे शांतता किंवा गोंधळ. पाच म्हणजे शिक्षकाचे व्याख्यान. आठ म्हणजे विचारल्यावर दिलेले उत्तर. नऊ म्हणजे विद्यार्थ्याने आपणहून काढलेला विषय. मिनिटाला वीस आकडे पडतात. नेहमीच्या कॉलेज-तासाला ही पट्टी लावली तर कागदावर पाच, पाच, पाच अशी रांग लागते आणि नवाचा आकडा शोधावा लागतो. याच्याच जोडीला सूक्ष्म अध्यापन आले. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, समोर सहकारीच विद्यार्थी म्हणून बसलेले, एका वेळी एकच कौशल्य, मग टीका आणि तोच पाठ पुन्हा. बी.एड.च्या मुलांना हे सगळे सक्तीचे झाले. एम.ए. झालेल्या अधिव्याख्यात्याच्या मात्र ते वाट्याला आले नाही.

गाडी हलली ती पगाराच्या प्रश्नामुळे. १९८३ साली केंद्राने शिक्षकांसाठी दोन राष्ट्रीय आयोग नेमले, त्यांतला उच्च शिक्षणाचा रईस अहमद यांच्या अध्यक्षतेखाली. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्याच वर्षी मेहरोत्रा समितीने नव्या वेतनश्रेण्या सुचवल्या. १९८७ साली वेतनश्रेणीच्या प्रश्नावर प्राध्यापकांचा देशव्यापी संप झाला. या सगळ्यातून जो तोडगा निघाला त्यात वरच्या श्रेणीची वाट प्रशिक्षणातून जाणार असे ठरले. अनुदान आयोगाने ४८ विद्यापीठांत अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे मंजूर केली. पुढे ती संख्या ६६ झाली. पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद, अमरावती आणि गोवा विद्यापीठांतही अशी केंद्रे झाली.

या केंद्रांत दोन प्रकारचे वर्ग भरत. ओरिएंटेशन चार आठवड्यांचे, दिवसाला सहा तास, एकूण १४४ तास. रिफ्रेशर तीन आठवड्यांचा, १०८ तासांचा. रिफ्रेशर एका विषयाच्या लोकांसाठी, ओरिएंटेशन सर्व विषयांसाठी. ओरिएंटेशनच्या अभ्यासक्रमाचे चार भाग होते: समाज, पर्यावरण व विकास यांचा शिक्षणाशी संबंध; शिक्षणाचे तत्त्वज्ञान आणि अध्यापनशास्त्र; माहितीची साधने; व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व विकास. कागदावर हा आराखडा आजही बरा वाटतो. खरा लाभ मात्र आराखड्याबाहेरचा होता. गडचिरोलीचा रसायनशास्त्राचा माणूस आणि रत्नागिरीची मराठीची बाई महिनाभर एका वर्गात बसत, एका मेसमध्ये जेवत. आपल्या कॉलेजात ज्यावर स्टाफरूममध्येही कुणी बोलत नाही, ते इथे चहावर निघे: पोरे इंग्रजीला घाबरतात, मुली प्रश्न विचारत नाहीत, मागचे बाक कायम गप्प.

पण बढतीशी गाठ मारल्याचा परिणामही लगेच दिसला. ‘माझे एक ओरिएंटेशन, दोन रिफ्रेशर झाले’ हे वाक्य शिकलेल्या गोष्टीबद्दल राहिले नाही. ते स्थाननिश्चितीच्या फाइलीबद्दलचे झाले. प्रमाणपत्र नसेल तर बढतीच्या योजनेखालचा (सीएएस) लाभ अडे. त्यामुळे मुदत जवळ आली की मिळेल त्या विद्यापीठात, मिळेल त्या विषयाच्या रिफ्रेशरला अर्ज जाई. वर्गांचे स्वरूपही गमतीचे होते. बाहेरून आलेले तज्ज्ञ दोन तास सलग व्याख्यान देऊन सांगत की सलग व्याख्यान देऊ नये. २०१० च्या नियमावलीने एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण आणले: दोन आठवड्यांच्या किंवा मोठ्या प्रशिक्षणाला वीस गुण, एका आठवड्याच्या प्रशिक्षणाला दहा. मग आठवडाभराच्या फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅमचे पेव फुटले. व्यवस्थेने जे मोजले ते लोकांनी पुरवले. दोष एकट्या प्राध्यापकांना देता येणार नाही.

विद्यार्थी या सगळ्यात उशिरा शिरला, आणि तोही बराचसा कायद्याच्या आधाराने. अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा मागे पडून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. या कायद्याच्या ४७ व्या कलमाची चर्चा कमी होते. शाळा, कॉलेज आणि विद्यापीठ शिक्षकांच्या सर्व अभ्यासक्रमांत अपंगत्व हा घटक असावा, असे त्यात म्हटले आहे. त्याआधी २०१२ मध्ये अनुदान आयोगाने जातीय व इतर भेदभावाविरुद्ध समानतेचे नियम केले होते. प्रवेशाचा प्रश्न आरक्षणाने सुटू शकतो. वर्गातला प्रश्न शिक्षकाच्या सवयींनीच सुटतो, आणि त्या सवयी अगदी बारीक असतात. फळ्यावर लिहिताना तोंडाने बोलले नाही तर अंध विद्यार्थ्याला तो मजकूर मिळत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलले तर ओठांवरून समजून घेणाऱ्याला काहीच मिळत नाही. जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेल्या नोट्स स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. त्याला युनिकोड लागते. स्कॅन करून पाठवलेली पाने तर त्याच्या लेखी नुसती चित्रे. मेळघाटातून आलेल्या, घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते, आणि ‘सोपे मराठीत सांगतो’ म्हणणाऱ्या शिक्षकाच्या हे गावीही नसते.

मुलांना बोलते करण्याच्या युक्त्या अभियांत्रिकीकडून जास्त आल्या, ही थोडी अनपेक्षित गोष्ट. मुंबईच्या आयआयटीतून दीपक फाटक यांच्या पुढाकाराने एकाच वेळी हजारो शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा झाल्या. मुख्य व्याख्यान पवईतून आणि गावोगावच्या केंद्रांत शिक्षक जमलेले. तिथल्याच शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या विभागाने शेकडो मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात ‘विचार करा, जोडीदाराशी बोला, मग सर्वांना सांगा’ ही पद्धत वापरून तिचा अभ्यास केला. ती अमेरिकेत फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडली होती. तिला यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. प्रश्न मात्र नीट बेतावा लागतो. दोनशे मुलांसमोर हात वर करायला जी मुलगी धजत नाही, ती शेजारणीशी बोलते, आणि मग जोडीच्या वतीने उभीही राहते.

२०१४ च्या २५ डिसेंबरला वाराणसीत पंडित मदन मोहन मालवीय यांच्या नावाने शिक्षक-प्रशिक्षणाचे राष्ट्रीय मिशन सुरू झाले. २०१५ मध्ये स्टाफ कॉलेजांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली. २०१८ मध्ये ‘अर्पित’ नावाने स्वयम् पोर्टलवर ४० तासांचे ऑनलाइन अभ्यासक्रम आले आणि त्यांना रिफ्रेशरचा दर्जा मिळाला. कोविडमध्ये सगळेच पडद्यावर गेले. २०२३ च्या शिक्षकदिनी मालवीय मिशनचा नवा कार्यक्रम जाहीर झाला आणि एकूण १११ केंद्रे त्याखाली आली. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमासाठी आठ विषय ठरले. त्यांत विद्यार्थ्यांची विविधता आणि समावेशक शिक्षण हा एक स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्र सरकारनेही पुण्यात राज्य अध्यापक विकास संस्था काढली आहे. कोठारींनी सुचवलेली चांगल्या शिक्षकाचा तास नवख्याने ऐकावा ही साधी गोष्ट मात्र अजून कुठल्याच योजनेचा गाभा झालेली नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमात तर वर्ग पाहण्याची सोयच नसते.

महाराष्ट्रात यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. पदभरती वर्षानुवर्षे रखडल्यामुळे अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गांवर तासिका तत्त्वावरचे (सीएचबी) शिक्षक आहेत. गप्प मागचे बाक त्यांच्याच समोर असते. काही सत्रे शिकवलेल्या हंगामी शिक्षकांना प्रशिक्षणाच्या वर्गांना येण्याची मुभा नियमांत आहे. पण त्यांना घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते, कर्तव्यरजा नसते आणि ज्या बढतीसाठी ही सगळी यंत्रणा उभी राहिली तीही त्यांच्यासाठी नाही. महिनाभराच्या ओरिएंटेशनला गेलेला सीएचबीचा शिक्षक त्या महिन्याच्या कमाईला मुकतो.